राखाडीखालचं चित्र

आमच्या संग्रहालयाच्या संचालकांना सगळे पाठीमागे 'अनुभव' म्हणतात. ते नाव मी ठेवलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. माणूस तोंड उघडतो तेच मुळी हा शब्द बाहेर काढायला. "लोकांना चित्र नको असतं हो, अनुभव हवा असतो." "ही भिंत नाही, हा अनुभव आहे." एकदा दिवसभर नळाला पाणी नव्हतं, तेव्हा मी म्हटलं, सर, हाही अनुभवच की. हसले नाहीत.

मी प्रदर्शनं उभी करते. माणूस कुठल्या दारातून शिरेल, कुठे थबकेल, कुठे त्याला बसावंसं वाटेल, दिवा कुठून पडेल, आवाज कुठून येईल, हे ठरवायचं आणि मग सुतारापासून प्रोजेक्टरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या मागे लागून ते करून घ्यायचं. यावेळचं प्रदर्शन माझ्या सासऱ्यांवर होतं. सासरे अमूर्त चित्रं काढायचे. चित्रात झाड नाही, माणूस नाही, नुसते रंगांचे पट्टे आणि एकमेकांवर रेललेले आकार. ते गेले आणि मग मोठे झाले, जसं बऱ्याच जणांचं होतं. काम माझ्याकडे आलं ते मी सून म्हणून की मला काम येतं म्हणून, हे मी विचारलं नाही. घरचं कार्य म्हटलं की राबायला आपण आणि मिरवायला दुसरे, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अनुभवसाहेबांना चार दालनं हवी होती. चारी भिंतींवर चित्रं हलणार, जमीन थरथरणार, सासऱ्यांच्या खोलीतला वास येणार. वासाचं यंत्रसुद्धा आणलं. टर्पेंटाइनचा वास सोडायचं, असं कंपनीचा माणूस म्हणाला. चालू केलं तर पहारेकरी शिंकून शिंकून बेजार, आणि आगीची घंटा वाजली ती वाजतच राहिली. सगळी इमारत रस्त्यावर. मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी आभाळाकडे बघितलं. यंत्र परत गेलं.

पण खरा ताप वेगळाच होता. साहेबांना प्रत्येक चित्रामागे एक गोष्ट हवी होती. लाल असेल तर राग, काळं असेल तर मृत्यू, निळं असेल तर कुणीतरी सोडून गेलेलं. त्यासाठी ते माझ्या सासूबाईंची मुलाखत घ्यायला घरी आले. आईंनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"काकू, हे लाल चित्र काढलं तेव्हा त्यांच्या आयुष्यात काय चाललं होतं?"

"दाढ दुखत होती."

साहेबांनी लिहून घेतलं. "आणि हे काळं?"

"तेव्हा दाढ काढली होती."

मी उठून आत गेले, कारण हसू आवरेना. आई थट्टा करत नव्हत्या हो. त्यांना खरंच तेवढंच आठवत होतं. सासरे रोज सकाळी खोलीत जायचे, दुपारी जेवायला बाहेर यायचे, काय काढलंय हे सांगायचे नाहीत आणि आई विचारायच्या नाहीत. चित्र कशाचं हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही. पण बघायच्या. रोज संध्याकाळी ते हात धुवायला गेले की आई खोलीच्या दारात उभ्या राहून बघायच्या. एवढं बघितलेलं दुसरं माणूस नाही.

आणि म्हणूनच तिसरं दालन मला हवं होतं. बाकीची तीन साहेबांना लखलाभ. तिसरं माझं.

त्याचं असं झालं. सासऱ्यांचं सगळ्यात नावाजलेलं चित्र म्हणजे एक मोठं राखाडी चित्र. भिंतभर राखाडी, त्यात राखाडीच्याच छटा. त्याच्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आमच्या घरात मात्र त्या चित्राचं नाव काढायची सोय नव्हती. कारण त्याच्या खाली दुसरं चित्र होतं, आणि ते आईंचं होतं.

आईंनी आयुष्यात नवऱ्याकडे एकच चित्र मागितलं. ते काढून झालं त्या संध्याकाळी म्हणाल्या, हे विकू नका, हे घरात राहू दे. सासरे हो म्हणाले. मग माझ्या नवऱ्याला, म्हणजे तेव्हा पाळण्यातल्या बाळाला, डांग्या खोकला झाला. आई त्याला घेऊन दवाखान्यात राहिल्या. पोर वाचलं, आई घरी आल्या, आणि बघतात तर चित्रावर राखाडी फिरवलेला.

"मला म्हणाले, फार गोड झालं होतं गं," आई सांगायच्या. "गोड चित्र घरात टांगलं की माणूस दुसरं काढत नाही, म्हणे. आणि वर म्हणाले, आतच आहे की, कुठे जातंय?" मग आई काही काळ त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग बोलल्या. पण ते गेले तोवर, आणि गेल्यावरसुद्धा, त्या एका गोष्टीसाठी आईंनी त्यांना माफ केलं नव्हतं. मी सून म्हणून सांगते, बाकी सगळं माफ केलं होतं, आणि सगळं म्हणजे थोडं नव्हतं.

तर संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्या राखाडी चित्राचा एक्स-रे काढला. हाडं दिसावीत तसं खालचं चित्र दिसलं. आकार दिसले. एक मोठा कललेला आकार, त्याला टेकलेले दोन, वर एक पट्टा. पण एक्स-रेला रंग नसतो. सगळं काळं-पांढरं. मी विचारलं, रंग कळायला काय करावं लागेल? बाई म्हणाल्या, चित्राचा कण खरवडून तपासावा लागेल, आणि चित्राचा मालक त्याला फुंकर मारू देत नाही. जुना फोटो नव्हताच. ते चित्र बघितलेली जगात एकच व्यक्ती शिल्लक होती आणि ती आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या चहात साखर जास्त झाली म्हणून कुरकुरत होती.

त्या दिवशी मी आईंना एक्स-रेबद्दल सांगितलं. तोवर त्या प्रदर्शनाला हो म्हणाल्या नव्हत्या. कागदावर सही हवी होती त्यांची, ती देत नव्हत्या. माझं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे ते परत दिसेल?"

"आकार दिसतील. रंग तुम्ही सांगायचे."

"मला ते एकदा बघायचंय गं," त्या म्हणाल्या. "डोळे आहेत तोवर." आणि सही केली.

मग रंग. काय सांगू, नाकी नऊ आणले आईंनी. मी विचारायचे, आई, तो मोठा आकार कसला होता? त्या म्हणायच्या, असं तोंडी नाही सांगणार. का? तर म्हणे, "पिवळा म्हटलं की तुझ्या डोक्यात तुझा पिवळा येतो. माझा कुठे येतो? ते समोर उभं कर, मग बोट ठेवून सांगते." मी लाडीगोडी लावून बघितली, चिडून बघितलं, भाजी निवडताना सहज म्हणून विचारून बघितलं. एकदाच, धुतलेली चादर वाळत घालताना, त्यांच्या तोंडून निसटलं. चादर हिरवी होती. त्या म्हणाल्या, "त्यात हिरव्याचा थेंब नव्हता. तेव्हा ते हिरव्याला घाबरायचे." बस. पुढे तोंडाला कुलूप.

नवरा म्हणाला, "अगं, तिची पद्धत बरोबर आहे. तू तुझ्या कामात हेच सांगतेस ना, समोर उभं केल्याशिवाय कळत नाही?"

"तू आईच्या बाजूने बोलणारच," मी म्हणाले. पण बरोबर होतं ते. मला मान्य होतं. म्हणूनच तर मी एवढी जपत होते.

माझा बेत पक्का होता. तिसऱ्या दालनात फक्त एक भिंत. त्यावर एक्स-रे, चित्राच्या खऱ्या मापात, नुसता राखाडी, एकही रंग नाही. समोर एक बाक. खोलीत आई आणि मी. हातात रंगांच्या दुकानातलं मोठं शेडकार्ड, ज्यात पिवळ्याचेच कितीतरी तुकडे असतात. आई भिंतीवर बोट ठेवणार, मग कार्डावर बोट ठेवणार, मी टिपून घेणार. कुणी मध्ये बोलायचं नाही. कॅमेरा नाही. आणि मुख्य म्हणजे त्याआधी त्यांना कुठलाच रंग दाखवायचा नाही. कुठलाच. हे मी प्रोजेक्टरवाल्याला सांगितलं, प्रयोगशाळेतल्या बाईंना सांगितलं आणि अनुभवसाहेबांना तर दारात उभं राहून सांगितलं.

"हो हो," साहेब म्हणाले. "पण तो क्षण टिपायला हवा. पत्नीला हरवलेलं चित्र सापडतं! केवढा मोठा अनुभव आहे हा!"

"सर, नंतर टिपा. आधी मला काम करू द्या."

"तुम्ही फार ताणता बुवा."

ताणते! मी नाही ताणलं तर या माणसाने सगळ्याचा तमाशा केला असता. तो त्याने केलाच, ते पुढे.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मोठ्या भिंतीवर एका प्रोजेक्टरने भागत नाही, दोन लावावे लागतात, आणि दोघांचं चित्र मध्ये कुठेतरी जुळवावं लागतं. राखाडीवर राखाडी जुळवताना चूक दिसतच नाही. म्हणून जुळवणारा माणूस आकारांमध्ये तात्पुरते रंग भरतो. मुद्दाम भडक, मुद्दाम वाईट. पोपटी, केशरी, जांभळा, असले. केसभर सरकलं तरी डोळ्यांत खुपतं. आणि ते एवढे वाईट का ठेवायचे, याचंही कारण आहे. कुणी चुकूनही त्यांना खरं समजू नये म्हणून. हा आमचा नियम. तात्पुरतं असं दिसलं पाहिजे की आंधळ्यालाही कळावं, हे तात्पुरतं आहे.

आई यायच्या आदल्या दिवशी प्रोजेक्टरवाला जुळवणी करत होता. भला माणूस, गुडघे दुखतात म्हणून शिडीवर चढताना दर पायरीला 'आई गं' म्हणतो, पण हात सोन्याचा. मी त्याला म्हटलं, संध्याकाळी सगळे रंग काढून टाक, उद्या नुसता राखाडी हवा. तो म्हणाला, मॅडम, काळजीच सोडा. मी रिक्षाने सुताराच्या दुकानात गेले, कारण बाकाचा एक पाय आखूड झाला होता आणि सुतार म्हणत होता की जमीनच वाकडी आहे. तिथे जमीन की बाक यावर आमची जुंपली असताना फोन वाजला.

"मॅडम," प्रोजेक्टरवाला कुजबुजत होता. "इथे एक आजी आल्यात. साहेबांनी आणल्यात. त्या रडतायत."

मी बाक तिथेच सोडला. "भिंतीवर काय आहे?"

पलीकडून नुसतं साहेबांचं 'वा, वा' ऐकू आलं.

"अरे, भिंतीवर काय आहे?"

"जुळवणीच चालू होती मॅडम. दार एकदम उघडलं. मी बंद करायला धावलो, तर साहेब म्हणाले, राहू दे, राहू दे."

मी कशी पोचले मला माहीत नाही. रिकामी रिक्षा मिळेना, मिळाली तर सिग्नल सुटेना, रिक्षावाल्याला मी काय काय बोलले असेन, त्या बिचाऱ्याने माझं काय घोडं मारलं होतं! तिसऱ्या दालनात शिरले तर भिंतभर पोपटी. मोठा आकार पोपटी, त्याला टेकलेले दोन केशरी, वरचा पट्टा जांभळा. समोर प्रोजेक्टरच्या खोक्यावर आई बसलेल्या. चेहरा ओला. एका हातात फुलांचा गुच्छ, दुसरा हात अनुभवसाहेबांच्या हातात. कोपऱ्यात कॅमेरावाला.

"मिळालं गं," आई मला बघून म्हणाल्या. "हेच. हेच ते."

त्यांना मी असं कधी बघितलं नव्हतं. चेहरा उजळला म्हणतात ना, तसा. मला जवळ ओढलं आणि बोटाने दाखवायला लागल्या. "हा हिरवा बघ. हा त्यांनी शेवटी लावला. आधी नुसता वरचा पट्टा होता, मग एका संध्याकाळी मी बघते तर हा असा मोठा हिरवा. मी म्हटलं, अहो, केवढा धीर केलात!"

"आई," मी हळूच म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात ना, ते हिरव्याला घाबरायचे?"

"मी? छे, काहीतरीच."

"चादर वाळत घालताना."

"चादरीचं काय आता मध्येच?" त्या हसल्या. "घाबरायचेच. म्हणून तर धीर म्हटलं." आणि परत भिंतीकडे बघायला लागल्या.

मी साहेबांना बाहेर काढलं. अक्षरशः कोपराला धरून. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सर, ते रंग खोटे आहेत."

"त्या म्हणाल्या ना, हेच."

"ते जुळवणीचे रंग आहेत! याने भरलेत!" प्रोजेक्टरवाला मान खाली घालून दारात उभा होता. "विचारा त्याला, कुठून आणले!"

"मी आणले नाहीत मॅडम," तो म्हणाला. "सॉफ्टवेअरमध्ये रंगांची ओळ असते ना, त्यातले पहिले तीन. मी निवडलेसुद्धा नाहीत."

साहेबांनी वळून दारातून भिंतीकडे बघितलं. मला वाटलं, पडला प्रकाश. मग म्हणाले, "योगायोगही असू शकतो."

"पहिले तीन?"

"मॅडम, ते चित्र बघितलेली एकमेव व्यक्ती सांगते आहे की हेच. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. त्यांना ओळख पटली, त्या रडल्या. आणि तुम्ही म्हणता, नाही. तुम्ही बघितलं होतं का ते चित्र?"

नव्हतंच बघितलं. मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

तरी मी दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आईंना नेलं. वेडी आशा, दुसरं काय. नुसता राखाडी लावला, बाकावर बसवलं, शेडकार्ड हातात दिलं. म्हटलं, आई, कालचं विसरा. डोळे मिटा. बाबांच्या त्या चित्रांच्या खोलीच्या दारात उभ्या राहा. बाबा हात धुवायला गेलेत. आता बघा.

आईंनी शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. मग उघडले आणि कार्डाची पानं उलटून थेट पोपटीवर बोट ठेवलं. मग केशरी. मग जांभळा. एकदाही अडखळल्या नाहीत. वर मलाच म्हणाल्या, "काल बघितलंस ना तू? मग परत परीक्षा कसली घेतेस?"

काही लोकांना वाटेल, म्हातारीला विसर पडला. विसर नाही हो. त्यांच्या डोक्यात ते चित्र इतकी वर्षं नीट होतं, कुणी हात लावला नव्हता. आम्ही त्यावर दुसरा रंग फिरवला. दार उघडून एका झटक्यात. सासऱ्यांनी निदान राखाडी तरी लावला होता.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याने मला आणखी पेचात टाकलं. आई आनंदात होत्या. सकाळी उठून गुणगुणायच्या. मावससासूंना फोन करून सांगायच्या, "अगं, मिळालं ते!" आणि सासऱ्यांबद्दल बोलायला लागल्या, कधी बोलल्या नव्हत्या असं. ते कसे हसायचे, बाळाच्या दुपट्याला कसे हात पुसायचे, दवाखान्यात डबा घेऊन यायचे तो प्रत्येक वेळी कसा सांडायचे. एकदा जेवताना मध्येच म्हणाल्या, "शेवटी दिलंच त्यांनी मला. उशीर केला, पण दिलं." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं.

"काही सांगू नकोस," तो नंतर म्हणाला. "हात जोडतो. तिचा बाबांवरचा एवढ्या वर्षांचा रुसवा गेलाय. कुणाचं काय बिघडतंय?"

"खोटं आहे ते."

"असू दे ना! तुझं प्रदर्शन आहे, कोर्ट नाही."

"आणि उद्या लोक हेच बाबांचं चित्र म्हणून बघतील त्याचं काय? बाबांनी हात लावला नसता असल्या पोपटीला!"

"बाबा कुठे बघायला येणार आहेत? आई आहे."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्त राग येत होता. मी गप्प राहायचं ठरवलं. खरंच ठरवलं. माझ्या स्वभावाला ते जड जातं, पण गिळलं.

पण साहेब स्वस्थ बसतील तर शपथ. राखाडी चित्र बाजूला राहिलं आणि पोपटी पुढे आलं. प्रवेशद्वारावर पोपटी. पत्रिकेवर पोपटी. दुकानात कप, छत्र्या, टोप्या, सगळं पोपटी-केशरी-जांभळं. आईंनीसुद्धा मागणी केली, त्यांच्या खोलीत पलंगासमोर ते मोठं छापून लावायचं. "तेव्हा घरात राहिलं नाही, आता राहू दे." आणि एक दिवस साहेबांनी मला भिंतीवरच्या पाटीचा मजकूर पाठवला. 'पत्नीच्या स्मृतीतून साकारलेले मूळ रंग.' खाली माझी मान्यता हवी होती. मी तो मजकूर वाचला, परत वाचला. 'मूळ' हा शब्द खोडला. परत लिहिला. परत खोडला. मग लॅपटॉप बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले.

दुपारची वेळ. आई टेबलाशी मटार सोलत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. कशासाठी? खऱ्याची चाड म्हणून, असं म्हणायला मला आवडेल. पण थोडी ती, आणि बराचसा राग. साहेबांवरचा, नवऱ्यावरचा, त्या पोपटी छत्र्यांवरचा. राग कुणावर आणि निघाला कुणावर.

प्रोजेक्टर जुळवताना काय करतात ते सांगितलं. पहिले तीन रंग सांगितले. त्या दिवशी तुम्ही यायच्याच नव्हतात, ते सांगितलं. आईंचे हात चालूच होते. शेंग उघडायची, अंगठा फिरवायचा, दाणे भांड्यात. माझं सांगून झालं तेव्हा थांबले.

"म्हणजे त्या गुडघेवाल्याने भरले ते?"

"हो."

"निवडलेसुद्धा नाहीत?"

"नाही."

मला वाटलं, रडतील, नाहीतर माझ्यावर भडकतील. भडकायला हव्या होत्या. मी तयार होते.

"मग खरे कुठले होते गं?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हालाच माहीत, आई. फक्त तुम्हाला."

त्यांनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले, जसं एखादं नाव जिभेवर येतंय आणि येत नाही. मग डोळे उघडले.

"हिरवाच येतोय," त्या म्हणाल्या.

"सावकाश. घाई नाही."

परत मिटले. परत उघडले. मग त्या स्वयंपाकघरात इकडे तिकडे बघायला लागल्या. ओट्यावरच्या फडक्याकडे, खिडकीच्या पडद्याकडे, मोरीतल्या बादलीकडे, एकेक करून, काहीतरी हरवल्यासारखं. फडक्याशी नजर थांबली. फिकट पिवळं, धुऊन धुऊन विटलेलं फडकं. त्या उठल्या, ते उचललं, उजेडात धरलं आणि माझ्याकडे वळल्या.

"असा होता का गं?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत, आई."

त्यांनी ते खाली ठेवलं आणि पडद्याचं टोक हातात घेतलं. "मग असा?"